शेवटचे अडीच मिलिलिटर

४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

फोनवर तुला ऐकू येत नाही, मी ओरडतो, आणि मग वसतिगृहातली पोरं काय झालं म्हणून दारात येऊन उभी राहतात. पडद्यावर वाचलं की तुझे डोळे चुरचुरतात. तेव्हा कागदच बरा.

आधी कौतुक करून घेतो. दगड आणि लोखंडाची पूड भरलेल्या अकराच्या अकरा कॅप्सूल दाबाखाली वितळवणाऱ्या प्रेसमधून निघाल्या आणि एकही फुटली नाही! सर म्हणाले, प्रेसवर असा हात त्यांनी बऱ्याच वर्षांत पाहिला नाही. चार कॅप्सूल मी अर्ध्या तासात काढल्या, सात पूर्ण तीन तास ठेवल्या. कापून बघितल्या तर वितळलेल्या दगडाची काच एका बाजूला, लोखंडाचा मणी एका बाजूला, अगदी हवं तसं.

परवा बाबा विचारत होते, नक्की करतोस काय. मी सांगितलं, ग्रह कोवळा असतो तेव्हा वितळलेला असतो. लोखंड जड, ते बुडतं आणि मधोमध गोळा होतं, दगड वर राहतो. पण लोखंडाचे सगळे अणू एका वजनाचे नसतात, काही हलके, काही जड. तर बुडणाऱ्या लोखंडाने जड अणू जास्त पळवले का, एवढाच माझा प्रश्न. बाबा वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता म्हणाले, "मग ते तुझ्या आत्याने वीस वर्षांपूर्वीच सांगितलंय की."

आणि तिथेच घोडं पेंड खातंय. तुमच्या पेपरात लोखंडाचा मणी दगडापेक्षा हजारात पाव भाग जड निघाला होता. माझ्या तीन तासांच्या सातही कॅप्सूलमध्ये दोन्ही सारखेच निघतायत. अर्ध्या तासाच्या चार थोड्या तुमच्या बाजूने झुकतात, पण त्या कच्च्याच आहेत, त्यांत अणूंना जागेवर बसायला वेळच मिळालेला नाही. सर म्हणतात, सगळी पुस्तकं ज्या आकड्यावर उभी आहेत त्याला धक्का लावण्याआधी आपलं कुठे चुकतंय ते शोध.

म्हणून थेट तुलाच विचारतो. नमुन्यातलं लोखंड वेगळं काढायच्या रेझीन भरलेल्या नळ्या, म्हणजे कॉलम, तू चालवायचीस. पेपरात लिहिलेलं नाही असं काही तू करत होतीस का? आणि कॉलममध्ये घातलेलं लोखंड सगळं बाहेर आलं का, हे तुम्ही मोजलं होतं का? माझं शंभरातलं शंभर येतंय. तुमच्या पेपरात तो तक्ताच नाही.

पाठ कशी आहे?

तुझा,
दगड्या


१३ फेब्रुवारी

चि. दगड्यास अनेक आशीर्वाद.

पाठ आहे तिथेच आहे. तुझं पत्र वाचून हसावं की रागवावं कळेना. तीन वर्षं झाली नाहीत लॅबमध्ये पाऊल टाकून, आणि निघाला आत्याचा आकडा खोडायला!

अरे, चूक असेल तर तुझ्याच हातात असेल. रेझीन भरण्यापूर्वी नीट धुतोस का? कॉलममध्ये बुडबुडा राहिला तर सगळा खेळ खलास. अ‍ॅसिड ताजं काढतोस की त्या आळशी पोरांसारखं आठवड्याचं एकदम भरून ठेवतोस? लोखंड उतरवायला पातळ अ‍ॅसिड आठ मिलिलिटर घालायचं, थेंबभरही कमी नाही, आणि आठ उतरेपर्यंत स्टुलावरून उठायचं नाही. मी तीस वर्षं हेच केलं. यात लपवाछपवी कसली आलीय?

आमच्या आकड्याला वीस वर्षांत कोणी हात लावलेला नाही. आमच्या लॅबच्या मोठ्या बाईंनी उगाच छापला नाही तो. तू हातमोजे बदल, डोकं थंड ठेव आणि पुन्हा कर.

दादाला म्हणावं, पोराच्या अभ्यासात नाक खुपसू नकोस.

तुझी आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

तू सांगितलंस ते सगळं केलं. रेझीन नवं, अ‍ॅसिड ताजं, आठ मिलिलिटर मोजून. स्टुलावर बसून बसून माझीही पाठ धरलीय. उत्तर तेच.

गुरुवारच्या बैठकीत मी आकडे दाखवले तेव्हा सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, "तुमच्या आत्याबाईंचं काय म्हणणं आहे?" सगळे हसले. मीही हसलो. नंतर जिन्यात जाऊन बसलो. आत्या, तुझ्या जिवावर मी इथे थोडी कॉलर ताठ करून फिरत होतो गं. ज्या हातांनी तो आकडा काढला त्या हातांचा मी भाचा, असं पहिल्याच वर्षी सगळ्यांना सांगून बसलो होतो. आता तेच माझ्यावर उलटतंय.

मला माझ्याच हातांची शंका यायला लागलीय. भांडी पाच-पाच वेळा धुतो. काल वाटलं, हे आपलं काम नाही, सोडून द्यावं आणि कुठेतरी शाळेत शिकवावं. बाबांना हे कळलं तर ते काही बोलणार नाहीत, आणि तेच जास्त वाईट.

तू एका प्रश्नाचं उत्तर दिलंच नाहीस. सगळं लोखंड बाहेर आलं का, ते कोणी मोजलं होतं? तेव्हा मशीनवर जे बसायचे, तू ज्यांना मापनवाले म्हणायचीस, त्यांच्याकडे नोंद असेल. ते आता कुठे असतात? मी जाऊन भेटेन.

दगड्या


९ मार्च

चि. दगड्यास,

मापनवाल्यांच्या मागे लागू नकोस. भांडकुदळ माणूस होता. बाईंशी पटलं नाही आणि तेव्हाच सोडून गेला. त्याच्याकडे कसली नोंद असणार?

लॅब सोडण्याचं खूळ डोक्यातून काढ. एवढं जिवाला लावून घेऊ नये. सगळ्याच कॅप्सूल सारख्या विश्वासाच्या नसतात. ज्यांच्याबद्दल मनात शंका आहे त्या बाजूला ठेव, उरलेल्यांवर काय निघतं ते बघ. अनुभवी माणसं असंच करतात.

वेळेवर जेव.

आत्या


२ एप्रिल

प्रिय, प्रिय आत्या,

जुळलं!

तुझंच ऐकलं. सगळ्या कॅप्सूल पुन्हा भिंगाखाली घेतल्या, तर सात फुटलेल्या निघाल्या. बारीक तडे, सहज दिसण्यासारखे नव्हते. त्यांतून लोखंड गळलं असणार. त्या बाद केल्या. उरलेल्या चारांवर उत्तर काढलं तर तुमच्या आकड्याच्या इतकं जवळ की सरांनी टेबलावर थाप मारली. म्हणाले, घराण्याचा हात आहे.

पेपर लिहून झालाय. पंचविसाला पाठवायचा. शेवटी आभारात तुझ्यासाठी वेगळं वाक्य घातलंय, सरांनी एक शब्दही बदलला नाही. बाबांना फोन केला तर ते चक्क म्हणाले, "आता आत्याला नवी साडी घे."

आता तरी माझ्या हातांवर तुझा विश्वास बसला ना?

तुझाच,
दगड्या


८ एप्रिल

चि. दगड्यास,

तुझं पत्र आलं तेव्हा शेजारीण बसली होती. तिला म्हटलं, भाच्याने नाव काढलं. ती म्हणाली, मग चेहरा असा का उतरलाय? मी तिला कसंतरी वाटेला लावलं आणि पत्र पुन्हा वाचलं. 

तुझा आकडा आमच्या आकड्याशी जुळणं शक्य नाही. हे मला कळायचं कारण एकच. आमचा आकडा चुकीचा आहे, आणि तो मी चुकवला.

तीव्र अ‍ॅसिडात लोखंड रेझीनला धरून बसतं आणि कॉलममध्ये पिवळा पट्टा दिसतो, हे तू रोज बघतोस. पातळ अ‍ॅसिड घातलं की पट्टा खाली सरकतो, फिका होतो, आणि साडेपाच मिलिलिटरच्या सुमाराला रेझीन पुन्हा पांढरं दिसायला लागतं. नियम आठचा. शेवटचे अडीच मिलिलिटर म्हणजे नमुन्यामागे पाऊण तास, काहीही दिसत नसताना थेंब बघत बसायचं. दगडाच्या नमुन्यांत लोखंड थोडं, पट्टा दिसतच नसे, म्हणून तिथे मी मुकाट्याने आठ मोजत होते. लोखंडाच्या मण्यांचा पट्टा मात्र ठसठशीत. तो गेला की माझ्या नजरेने सांगितलं, झालं. मी भांडं काढून घेतलं आणि रजिस्टरमध्ये आठ लिहिलं. असं शेहेचाळीस वेळा केलं.

पुढचं तुला शिकवायला नको. आधी उतरतं ते लोखंड जड, शेवटी रेंगाळतं ते हलकं. मी शेपूट तोडलं, मग उरलेलं जड दिसणारच. ग्रहाच्या पोटातल्या लोखंडाबद्दल म्हणून पुस्तकांत जे छापलंय, ते माझ्या उरकण्याबद्दल आहे.

घाई कसली होती, असं तू विचारशील. काही म्हणजे काही नव्हती. घरी कोणी आजारी नव्हतं, पोरंबाळं वाट बघत नव्हती. पाहुणे आले की मोठ्या बाई मला पुढे करून म्हणायच्या, "यांची नजर हेच आमचं खरं मशीन. दोन माणसांचं काम एकट्या करतात." त्या खोलीत सगळे शिकलेले, मी एकटी शाळेवर थांबलेली. ते वाक्य ऐकायला मला इतकं गोड वाटायचं की रोज चार नमुने व्हायचे तिथे मी सहा काढायला लागले. नडले असते तर एक वेळ सांगता आलं असतं. कौतुकासाठी केलं, हे सांगायला जीभ रेटत नाही.

आणि हे अजून सर्वांत वाईट नाही. मापनवाल्यांनी मोजलं होतं. लोखंड शंभराला शहाण्णव येतंय, चार कुठे गेले, असं त्यांनी भर बैठकीत विचारलं. त्या क्षणी मला कळलं कुठे गेले ते. तोंड उघडायची तीच वेळ होती. मी म्हणाले, "तुमच्याच बाटल्यांची झाकणं सैल असतील. माझ्याकडून रीतसर आठ उतरलंय, रजिस्टर बघा." बाईंनी रजिस्टर मागवलं. शेहेचाळीस वेळा आठ. बाईंनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं आणि तो तक्ता पेपरातून काढून टाकला. दोन महिन्यांनी ते नोकरी सोडून गेले. ते भांडकुदळ मुळीच नव्हते. उलट जाताना माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "काही जास्त बोललो असेन तर माफ करा." मी म्हणाले, "असू द्या." तेव्हा पायाखालची जमीन दुभंगली असती तर बरं झालं असतं.

आता तुझं. फेब्रुवारीत एकही फुटली नाही म्हणून नाचत होतास, आणि एप्रिलमध्ये मोजून सात फुटल्या? त्याही बरोबर न जुळणाऱ्या? उरल्या त्या चार अर्ध्या तासाच्या, तुझ्याच शब्दांत कच्च्या. बाळा, हे मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? असं रजिस्टर मी स्वतः लिहिलंय.

आणि तुला त्या वाटेवर लावणारीही मीच. शंका असेल त्या बाजूला ठेव, असं लिहिलं तेव्हा मला पक्कं ठाऊक होतं की तुझ्या सात बरोबर आहेत. तू मला विचारलंस, मी तुझ्यावर गुरगुरले. तू जिन्यात जाऊन बसलास हे वाचलं, तरी मी गप्प राहिले. तुझ्यापुढे मान वर करायची माझी लायकी नाही.

पेपर पाठवू नकोस. हे पत्र सरांना दाखव. मोठ्या बाईंना मी आजच वेगळं लिहिते आहे.

तुझी,
आत्या


२१ एप्रिल

चि. दगड्यास,

पत्र मिळालं का? पोस्टमनला रोज विचारते, तोही आता लांबूनच मान हलवतो. चार दिवसांवर पंचवीस तारीख आली. मला शिव्या दे, पण दोन ओळी लिही.

आत्या


५ मे

आत्या,

पत्र मला बारा तारखेलाच मिळालं होतं. वाचलं आणि पुस्तकांच्या मागे सारून ठेवलं. खरं सांगतो, मनात आलं, आत्या म्हातारी आहे, ऐकू येत नाही, तिच्या पत्राचं कोणाला काय कळणार? जाळावंसंही वाटलं. तुझा राग इतका आला होता की बाबांचा फोन उचलला नाही, कारण त्यांचा आवाज तुझ्यासारखा आहे.

पंचविसाला सकाळी सरांनी सगळं तयार ठेवलं होतं. म्हणाले, बटण तूच दाब. मी दाबलं नाही. मग मी खोलीवर गेलो, पत्र आणलं आणि त्यांना दिलं.

पण सगळं नाही दिलं. "आता तुझं" पासूनची पानं मी काढून घेतली होती.

सरांनी दोनदा वाचलं. मग उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, स्वतःच्या घरातल्या माणसाची चूक अशी समोर आणून ठेवायला मोठं काळीज लागतं. पेपर थांबवला. दुपारच्या बैठकीत त्यांनी सगळ्यांना सांगितलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जे हसले होते त्यांनीही. माझ्या चार कच्च्या कॅप्सूल तुमच्याशी का जुळल्या, असं कोणीतरी विचारलं. मी म्हणालो, योगायोग. फुटलेल्या सातांचं कोणी विचारलंच नाही.

दहा दिवस झाले. सगळे माझ्याशी आदराने वागतात.  तुला विकून मी शाबासकी घेतली. वर तुझ्यावरच दात खाऊन बसलो होतो की तू खोटं बोललीस.

मी काय करू? तू सांग.

दगड्या


१४ मे

चि. दगड्यास,

मी सांगणार नाही. मागे एकदा सांगितलं होतं, त्याचं काय झालं ते दोघांनीही पाहिलंय.

माझी हकिकत लिहिते. मोठ्या बाईंचं उत्तर आलं. दोनच ओळी आहेत: पेपर मागे घेण्याचं पत्र पाठवलं आहे, आणि यापुढे मी त्यांना लिहू नये. वीस वर्षं त्या माझ्या नजरेवर विसंबून मान ताठ ठेवून फिरल्या. आता या वयात चार लोकांत त्यांना खाली बघावं लागणार, ते माझ्यामुळे. मी पत्र घडी करून ठेवलं, पण भांडी घासतानाही त्या ओळी समोर येत होत्या.

मग मापनवाल्यांचा पत्ता काढला आणि सकाळच्या बसने गेले. शहराच्या पाण्याची तपासणी होते तिथे ते असतात. एक लांबट खोली, खिडकीखाली बाकडं, त्यावर बाटल्यांची रांग. केस पूर्ण पिकलेत. मला लगेच ओळखलं आणि उठून उभे राहिले. मी बसलेच नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं, साडेपाच, आठ, रजिस्टर, झाकणं. मला ऐकू येत नाही म्हणून मी फार मोठ्याने बोलत असणार, कारण पलीकडच्या टेबलावरची मुलगी काम थांबवून बघत होती.

त्यांनी मान हलवली. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "म्हणजे झाकणं घट्ट होती?" मी म्हटलं, होती. ते म्हणाले, "मला वाटलं, खरंच माझ्याच हातून राहिली असतील."

दगड्या, ते बोलत होते आणि हात समोरच्या बाटल्यांवर चालला होता. एकेक झाकण दाबायचे, फिरवून बघायचे, पुन्हा दाबायचे, पुन्हा फिरवायचे. त्या मुलीने मोठ्याने सांगितलं, सर नेहमी तीन-तीनदा बघतात, आम्ही चिडवतो त्यांना. वीस वर्षं, अरे. मी एक वाक्य बोलले आणि मोकळी झाले, आणि ते वाक्य त्या माणसाच्या बोटांत जाऊन बसलं.

त्यांनी मला क्षमा केली नाही, रागही केला नाही. म्हणाले, "या आता, नमुने थांबलेत." मी बाहेर आले आणि बसथांब्यावर लोकांसमोर रडले.

दादाला मी सगळं कळवलंय, पण फक्त माझं. तुझ्यातलं एक अक्षरही लिहिलं नाही. तुला हवं असेल तर सरांना सांग की सगळं आत्यानेच करायला लावलं. मी तसं लिहून द्यायला तयार आहे. माझं व्हायचं ते होऊन गेलंय, त्यात आणखी चार शिंतोडे उडाले तर मला कळणारही नाहीत.

आत्या


२७ मे

प्रिय आत्या,

लिहून देऊ नकोस.

गेल्या आठवड्यात सरांकडे गेलो. राहिलेली पानं घेऊन गेलो होतो, पण ती खिशातच ठेवली आणि आधी तोंडाने सांगितलं. कॅप्सूल फुटल्या नव्हत्या. सातही धड होत्या. आकडा जुळत नव्हता म्हणून रजिस्टरमध्ये फुटल्या असं मी लिहिलं.

सर बराच वेळ पेनाचं टोपण काढत-घालत होते. मग विचारलं, "आत्याबाईंनी सांगितलं होतं का तसं करायला?" आत्या, "हो" ओठांवर आलं होतं. अर्धं खरंही होतं ते. मी म्हणालो, नाही. त्यांनी शंका असेल त्या बाजूला ठेव म्हटलं होतं. मला त्या सातांबद्दल शंका नव्हती.

या वेळी सरांनी खांद्यावर हात वगैरे ठेवला नाही. म्हणाले, सगळं पुन्हा करायचं, अकराही नव्याने, आणि या वेळी रजिस्टरवर प्रत्येक पानाखाली दुसऱ्या कोणाची तरी सही. वर्षभराने पुढे गेलं सगळं. गुरुवारच्या बैठकीत मी स्वतः उभा राहून सांगायचं. सांगितलं. टाळ्या नाहीत वाजल्या. बैठक संपल्यावर सगळे माझ्या खुर्चीला वळसा घालून गेले.

बाबांनाही रात्रीच्या फोनवर सांगितलं. ते "बरं" म्हणाले आणि फोन आईकडे दिला.

मला वाटलं होतं, बोलून टाकलं की हलकं वाटेल. मुळीच नाही वाटत. आरशात दाढी करतानासुद्धा नजर चुकवतो. तुझी लाज थोडी तरी कमी झाली का, तिथे जाऊन आल्यावर? खरं सांग.

दगड्या


२ जून

चि. दगड्यास,

नाही झाली. पूर्वी ती कधीमधी येऊन जायची, आता कायमची मुक्कामाला आलीय. तुझी जाईल, तू तरुण आहेस, पण लगेच जाईल असं खोटं मी तुला सांगणार नाही.

तू "हो" म्हणाला असतास तर मला राग आला नसता. मनात मी तयारीही केली होती. "नाही" म्हणालास हे वाचलं आणि मी पत्र हातात घेऊन स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले, दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

दादा अजून माझ्याशी बोलत नाही. तुझ्याशीही महिनाभर बोलणार नाही, त्याचा स्वभाव तुला माहीत आहे. बाई लिहू नका म्हणाल्या. मापनवाल्यांकडे पुन्हा जायला मला तोंड नाही. तुझ्या लॅबमध्ये तुझी तीच गत. ज्यांच्यापुढे काही लपवायचं उरलेलं नाही अशी आता आपण दोघंच एकमेकांना आहोत.

सुट्टी किती मिळेल ते विचारून घे आणि निघून ये. मोठ्याने बोलावं लागेल, पण शेजाऱ्यांनी ऐकलं तर ऐकू दे.

तुझी,
आत्या